भ्रूणाची जनुके बदलणे आणि सिकलसेलचा प्रश्न

आमच्या बेलपाड्याजवळ, खारघरमध्येच, टाटा मेमोरियलचे 'अ‍ॅक्ट्रेक' केंद्र आहे. आयआयटी मुंबईसोबत विकसित केलेल्या कार-टी उपचाराचा पहिला प्रयोग ४ जून २०२१ रोजी तिथे झाला. यात कर्करुग्णाच्याच रक्तातल्या टी-पेशी बाहेर काढून, त्यांत नवे जनुक घालून परत शरीरात सोडतात. बदल त्या रुग्णापुरताच राहतो, मुलाबाळांत उतरत नाही.

भ्रूणाचे तसे नाही. काही पेशींच्या अवस्थेत केलेला बदल शरीरभर, बीजपेशींतही जातो आणि पुढच्या पिढ्यांना मिळतो. त्यांची संमती कोण घेणार? शिवाय २०१२ पासून माहीत असलेली 'क्रिस्पर' ही कात्री कधी भलत्याच जागी कापते, कधी काहीच पेशींत बदल करते. चीनमध्ये हे जियानकुई याने एचआयव्हीचा संसर्ग होऊ नये म्हणून भ्रूणांतले सीसीआर५ जनुक बदलले. २०१८ मध्ये जुळ्या मुली जन्मल्याचे उघड झाले. पण हवा तो बदल नेमका साधलाच नव्हता. २०१९ मध्ये त्याला तीन वर्षांची कैद झाली. आपल्याकडे आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार असे भ्रूण गर्भाशयात सोडता येत नाही. प्रयोगशाळेतही १४ दिवसांची मर्यादा आहे.

हा विषय आपल्या दाराशी येतो तो सिकलसेलमुळे. विदर्भात आदिवासींबरोबर आपल्या बौद्ध समाजातही हा आजार मोठ्या प्रमाणावर आहे. हिमोग्लोबिनच्या जनुकातले एक अक्षर बदलले की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. आई-बाप दोघेही वाहक, म्हणजे 'एएस', असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल 'एसएस', म्हणजे रुग्ण, होण्याची शक्यता २५ टक्के असते.

मग भ्रूणच दुरुस्त करावे का? गरज फारशी नाही, असे आम्हाला वाटते. अशा जोडप्याच्या टेस्ट ट्यूब भ्रूणांतून निरोगी भ्रूण तपासून निवडता येते. २०२१ च्या एआरटी कायद्यात आनुवंशिक आजारासाठी त्याला वाव आहे. (ते परवडणार किती जणांना, हा प्रश्न आहेच.) जन्मलेल्या रुग्णाच्या रक्तपेशी दुरुस्त करणारी 'कॅसगेव्ही' २०२३ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेत मंजूर झाली. अमेरिकेत तिची किंमत २२ लाख डॉलर आहे! मागणी करायची तर अशा उपचाराच्या स्वस्त, सरकारी रूपाची करावी.

आजार टाळण्यापासून 'उत्तम संतती'पर्यंतची वाट फार लांब नाही. गर्भलिंग तपासणीवर १९८८ मध्ये देशातला पहिला कायदा महाराष्ट्रालाच करावा लागला होता. जातीमुळे वंश शुद्ध राहतो, हा सुप्रजननाचा दावा बाबासाहेबांनी १९३६ मध्येच 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये खोडून काढला आहे. गोरा रंग, उंची, बुद्धी विकत घेण्याची सोय झाली तर ती कोणाच्या हाती असेल, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

१ जुलै २०२३ पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू आहे. त्यात ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची रक्ततपासणी करून कार्ड दिले जाते. कामासाठी पनवेलकडे आलेल्या विदर्भातल्या तरुण-तरुणींनी लग्नाआधी ही तपासणी करून घ्यावी. वाहक असणे हा आजार नाही, त्यावरून कोणाचे स्थळ नाकारू नये. फक्त दोघेही वाहक निघाले तर डॉक्टरांचा सल्ला गरोदरपणाआधीच घ्यावा.