सवलतीकडून हक्काकडे : भारतातील दिव्यांगांच्या प्रवास-सुविधांचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १९ ने नागरिकांना देशभर मुक्त संचाराचे स्वातंत्र्य दिले आहे. अनुच्छेद ४१ नुसार विकलांगतेच्या स्थितीत लोकसाहाय्याची तरतूद राज्याने करावयाची आहे. मात्र ती राज्याच्या आर्थिक क्षमतेच्या व विकासाच्या मर्यादेत. पहिली तरतूद मूलभूत हक्कांत येते, तर दुसरी मार्गदर्शक तत्त्वांत. दिव्यांग व्यक्तीच्या प्रवासाचा प्रश्न या दोहोंच्या सीमारेषेवर उभा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशात २.६८ कोटी दिव्यांग व्यक्ती होत्या व त्यांपैकी सुमारे १.८६ कोटी ग्रामीण भागात राहत होत्या. शाळा, रुग्णालय, कचेरी वा बाजार गाठण्यासाठी या वर्गास सार्वजनिक वाहनांवाचून दुसरा आधार क्वचितच असतो.

या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे बहुधा 'किती टक्के सवलत' या एकाच अंगाने होते. प्रस्तुत लेखात रेल्वेचे सवलत-नियम, १९९५ व २०१६ चे अधिनियम आणि सर्वोच्च न्यायालयाचे काही निर्णय यांच्या आधारे भाडे-सवलत व सुगम्यता यांचा परस्परसंबंध तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

भाडे-सवलतीमागील तर्क

साथीदाराशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या अस्थिव्यंग प्रवाशास रेल्वेच्या द्वितीय व शयनयान वर्गात भाड्यात ७५ टक्के सवलत मिळते आणि तेवढीच सवलत त्याच्या एका साथीदारासही मिळते. हे गणित लक्षपूर्वक पाहण्यासारखे आहे. प्रत्येकी २५ टक्के याप्रमाणे दोघांचे मिळून भाडे एका पूर्ण तिकिटाच्या निम्मे होते. सवलत नसती तर त्याच प्रवासासाठी दोन पूर्ण तिकिटे काढावी लागली असती. इतर प्रवाशास जे अंतर एका भाड्यात कापता येते, त्यासाठी दिव्यांग व्यक्तीस दुप्पट खर्च येतो. हा वाढीव भार हलका करणे हे या सवलतीचे खरे कार्य होय. त्यामुळे तिला केवळ दयाबुद्धीने दिलेले दान म्हणणे युक्त ठरणार नाही.

परंतु याच नियमात एक विसंगती दडलेली आहे. अस्थिव्यंग व बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रवाशांच्या बाबतीत 'साथीदाराशिवाय प्रवास अशक्य' ही पात्रतेची अट आहे. म्हणजे सवलत मिळविण्यासाठी व्यक्तीस प्रथम स्वतःचे परावलंबन प्रमाणित करून घ्यावे लागते. कृत्रिम पाय वा कुबड्यांच्या साहाय्याने, जिद्दीने एकट्याने फिरू लागलेली व्यक्ती या चौकटीबाहेर पडते. पूर्णतः अंध तसेच पूर्णतः मूकबधिर प्रवाशांना एकट्यानेही सवलत घेता येते. परंतु अल्पदृष्टी असणाऱ्यांना तेथे स्थान नाही. २०१८ मध्ये या नियमांतील अवमानकारक शब्द बदलण्यात आले, तथापि अटींचा गाभा कायम राहिला.

१९९५ चा अधिनियम

'अपंग व्यक्ती (समान संधी, हक्कांचे संरक्षण आणि संपूर्ण सहभाग) अधिनियम, १९९५' हा ७ फेब्रुवारी १९९६ पासून अंमलात आला. त्यातील कलम ४४ ने रेल्वेचे डबे, बसगाड्या, जहाजे व विमाने अपंग व्यक्तींना सहज वापरता येतील अशी करण्याचे आणि स्वच्छतागृहे चाकाच्या खुर्चीसाठी अनुकूल करण्याचे कर्तव्य परिवहन संस्थांवर सोपविले. या कलमात भाडे-सवलतीचा उल्लेखच नाही, ही बाब विशेष महत्त्वाची आहे. सवलत प्रशासकीय नियमांच्या कक्षेत राहिली व कायद्याने थेट वाहनाच्या रचनेस हात घातला. मात्र अनुच्छेद ४१ मधील आर्थिक क्षमतेची मर्यादा जवळजवळ त्याच शब्दांत या कलमातही अवतरली. परिणामी कर्तव्य सांगितले गेले. पण ते पुढे ढकलण्याची वाटही खुली राहिली.

महाराष्ट्रातील सर्वपरिचित उदाहरण एस.टी.चे आहे. राज्य परिवहनाच्या साध्या बसमध्ये दिव्यांगांना भाड्यात ७५ टक्के सवलत आहे व आसनही राखीव आहे. परंतु दारातील उंच पायऱ्या चढल्याशिवाय त्या आसनापर्यंत पोहोचता येत नाही. सवलत तिकिटावर मिळते, अडथळा मात्र पायरीशी उभा असतो.

न्यायालयीन हस्तक्षेप

जावेद आबिदी विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९८ मध्ये निर्णय दिला. इंडियन एअरलाइन्स अंध प्रवाशांना देत असलेली सवलत ८० टक्के वा त्याहून अधिक अस्थिव्यंगत्व असणाऱ्यांनाही द्यावी, असा आदेश न्यायालयाने दिला. निर्णय दिलासादायक होता. तरीही आर्थिक क्षमतेचा मुद्दा विचारात घेतल्याने ८० टक्क्यांची उंच मर्यादारेषा आखली गेली. अधिनियमानुसार ४० टक्के अपंगत्व असणारी व्यक्ती 'अपंग' ठरत होती, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.

जीजा घोष यांच्या प्रकरणाचे स्वरूप वेगळे आहे. सेरेब्रल पाल्सी असलेल्या घोष १९ फेब्रुवारी २०१२ रोजी कोलकात्याहून गोव्यातील परिषदेस निघाल्या होत्या. रीतसर तिकीट असूनही त्यांना विमानातून उतरविण्यात आले. १२ मे २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना १० लाख रुपये नुकसानभरपाई देण्याचा आदेश दिला. येथे प्रश्न भाड्याचा नव्हताच. तो प्रतिष्ठेचा होता. सतरा वर्षांहून अधिक अंतराने आलेल्या या दोन निर्णयांतून विचाराची बदललेली दिशा स्पष्ट होते.

२०१६ नंतरची स्थिती

भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारास मान्यता दिली होती. त्यास अनुसरून 'दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६' संमत झाला. त्याने अपंगत्वाचे प्रकार सातवरून एकवीसपर्यंत वाढविले. कलम ४१ मध्ये स्थानके, वाहने व रस्ते यांच्या सुगम्यतेबरोबरच वैयक्तिक संचारासाठी सवलतींचाही समावेश झाला. आजवर वेगळे असलेले दोन प्रवाह येथे प्रथमच एकत्र आले. तरी जुन्या वाहनांत बदल करण्याचे बंधन 'आर्थिकदृष्ट्या व्यवहार्य' असेल तेथपुरतेच ठेवण्यात आले.

मार्च २०२० मध्ये कोविडच्या काळात रेल्वेने ज्येष्ठ नागरिकांसह बहुतेक सवलती थांबविल्या, तेव्हा दिव्यांगांच्या चार प्रवर्गांची सवलत टिकून राहिली. परंतु कायद्यात एकवीस प्रकार व रेल्वेच्या नियमात चार प्रवर्ग, हे अंतर मात्र तसेच राहिले. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, सुगम्यतेची मानके केवळ शिफारसवजा ठेवणारा २०१७ च्या नियमावलीतील नियम १५ अधिनियमाशी विसंगत ठरविला आणि अनिवार्य मानके तयार करण्यासाठी केंद्र शासनास तीन महिन्यांची मुदत दिली.

निष्कर्ष

१. भाडे-सवलत ही वस्तुतः सुगम्यतेच्या अभावाची अंशतः भरपाई आहे. वाहन सुगम झाल्यास साथीदाराची गरज अनेकांच्या बाबतीत कमी होईल.

२. परावलंबन सिद्ध करण्याची अट स्वावलंबनाच्या ध्येयाशी विसंगत आहे. पात्रतेचे निकष २०१६ च्या अधिनियमाशी सुसंगत करणे आवश्यक आहे.

३. सुगम्यता वाढली म्हणून सवलत काढून घेणे उचित नाही. कारण सार्वजनिक वाहनापर्यंत पोहोचण्याचा अतिरिक्त खर्च शिल्लक राहतोच.

अनुच्छेद ४१ मधील मर्यादेचा आधार घेऊन अनुच्छेद १९ मधील स्वातंत्र्य किती काळ अडवून धरावयाचे, हा या इतिहासाने आपल्यापुढे ठेवलेला प्रश्न आहे. महाविद्यालयात प्रवेश घेऊनही वर्गापर्यंत न पोहोचणाऱ्या दिव्यांग विद्यार्थ्याची गैरहजेरी मांडताना, ती नेमकी कोणत्या पायरीपाशी सुरू झाली याचा शोध आपण अध्यापकांनीही घ्यावयास हवा.