मुखवट्यातला वृत्र

माथेरान येथे १९३८ साली जन्मलेल्या आणि २०१९ साली बंगळूर येथे निधन पावलेल्या गिरीश कर्नाडांनी नायक व खलनायक यांमधील धूसर सीमारेषेलाच नाट्यविषय केले. 'तुघलक' (१९६४) मधील स्वप्नदर्शी सुलतान आपल्या आदर्शांपायीच क्रूर होतो. विजय तेंडुलकरांनी हे नाटक मराठीत आणले. परंतु या प्रश्नाचा तळ गाठला तो 'अग्नि मत्तु मळे' या कन्नड नाटकाने.

महाभारताच्या वनपर्वातील यवक्रीताच्या आख्यानात पितृहत्या परावसूच्या हातून घडते आणि आळ धाकट्या भावावर येतो. कर्नाडांचा अरवसू अशा वेळी नटांच्या मेळ्यात आश्रय घेतो व यज्ञमंडपासमोर वृत्राचा मुखवटा चढवतो. भावाला कपटाने मारणारा इंद्र तेथे देव, आणि त्याचा जाब मागणारा वृत्र मात्र राक्षस! सोंग अंगात भिनते, अरवसू यज्ञमंडपाला आग लावतो. अभिनयाने दडपलेल्या सत्याला वाचा दिली, हे खरे. पण त्याच मुखवट्याने संहारही घडवला.

अखेरीस इंद्र वर देऊ करतो. आपल्यासाठी जीव गमावलेल्या नित्तिलेला परत मागण्याऐवजी अरवसू ब्रह्मराक्षसाची मुक्ती मागतो, आणि अवर्षणग्रस्त भूमीवर पाऊस कोसळतो. मूळ आख्यानात मृत पुन्हा जिवंत होतात. येथे होत नाहीत. राक्षसालाही करुणेचा अधिकार आहे, आणि त्या करुणेचे मोल नायकालाच चुकवावे लागते, हा या नाटकाचा कठोर निर्वाळा होय.