पळसवेल : सागाच्या हिशेबात न बसलेली वेल

फाल्गुनात पोंभुर्ण्याच्या रानात पळस पेटलेला असतो, तो कोणालाही ओळखता येतो. परंतु तीच केशरी-तांबडी फुले उंच ऐनाच्या किंवा सागाच्या माथ्यावरून झुलताना दिसली, तर ती पळसाची नव्हेत. ती पळसवेलीची. संस्कृतात तिला लतापलाश म्हणतात.

‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण या वेलीलाही लागू पडते. फरक आकाराचा : पान पळसाहून मोठे, फूलही मोठे, आणि खोड मात्र दुसऱ्या झाडाला वेढे घालीत वर चढणारे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या पानझडी जंगलात ती आहे, पण विरळ.

तिचे शास्त्रीय नाव ब्युटिया सुपर्बा. हे नाव दिले विल्यम रॉक्सबर्ग या स्कॉटिश वैद्याने. ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत तो सामलकोटला, म्हणजे गोदावरीच्या मुखाजवळ, अनेक वर्षे होता. भारतीय चित्रकारांकडून त्याने शेकडो वनस्पती रंगवून घेतल्या. त्या चित्रांचा कोरोमंडल किनाऱ्यावरील वनस्पतींचा ग्रंथ १७९५ पासून लंडनमध्ये प्रसिद्ध होऊ लागला, आणि त्यात पळस व पळसवेल दोन्ही आहेत. चित्रकारांची नावे मात्र बहुतेक हरवली.

पोंभुर्ण्याजवळून वाहणारी वैनगंगा पुढे वर्धेला मिळून प्राणहिता होते आणि सिरोंच्याजवळ गोदावरीत उतरते. रॉक्सबर्गचे सामलकोट त्याच खोऱ्याच्या शेवटच्या टोकाला. नावातला ‘ब्युट’ मात्र या नदीपासून फार दूरचा : १७६२-६३ मध्ये ब्रिटनचा पंतप्रधान असलेला, वनस्पतींचा नाद असलेला अर्ल ऑफ ब्युट. ‘सुपर्बा’ म्हणजे दिमाखदार. निदान हा अर्धा भाग तरी वेलीचा स्वतःचा आहे.

१८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि चांद्याचे जंगल इंग्रजांच्या हाती आले. १८६५ आणि १८७८ च्या वनकायद्यांनी राखीव जंगले आखली गेली. यापुढे जंगलाची किंमत सरळ, जाड, बिनगाठीच्या लाकडावर ठरू लागली. अशा हिशेबात वेलीला जागा कुठली?

वेल खोड आवळते, वाकवते, शेंड्यावर पसरून त्याचा उजेड अडवते. म्हणून वेली तोडणे हे वनव्यवस्थापनाचे ठरलेले कामच झाले. हे निव्वळ अज्ञान होते असे म्हणणे अन्यायाचे ठरेल, कारण वेढ्यांनी पिळलेल्या सागाची फळी खरोखरच सरळ निघत नाही. वनाधिकाऱ्यांना त्यांचा साग नीट कळत होता. पण जंगल म्हणजे साग, ही समजूत त्यांची होती, जंगलाची नव्हे.

गावकऱ्यांचा हिशेब निराळा होता. माहुलाच्या वेलीची पाने पत्रावळीला, तिची साल दोराला, आणि पळसवेलीच्या सालीचाही दोर होई. निस्ताराच्या या वस्तूंची सरकारी वहीत ‘किरकोळ’ म्हणून नोंद होई.

तोडलेली वेल मुळापासून पुन्हा फुटते. मात्र तिला बहर येतो तो उजेडात, झाडाच्या माथ्यावर पोहोचल्यावर. दर काही वर्षांनी कोयता चालला, तर वेल जिवंत राहते पण फुलत नाही. फूल नाही, म्हणून शेंग नाही. आणि तिच्या शेंगेत बी एकच असते.

दुसरा घाव आधाराच्या झाडांवर पडला. १९७४ मध्ये महाराष्ट्र वनविकास महामंडळ स्थापन झाले. पुढील काळात मिश्र जंगल तोडून ओळीने साग लावण्याचे काम मोठ्या प्रमाणावर झाले. एका वयाच्या सागाच्या रांगांत वेलीला चढायला जुना वृक्षच उरत नाही. पूर्वेकडे थायलंडमध्ये तर या वेलीचे कंदच पुरुषांच्या औषधासाठी खणले जातात.

२००६ च्या वनहक्क कायद्याने चित्र थोडे पालटले. गडचिरोलीतील मेंढा-लेखा आणि पोंभुर्ण्याशेजारच्या गोंडपिपरी तालुक्यातील पाचगाव यांना सामूहिक वनहक्क मिळाले. बांबू केव्हा तोडायचा, कोणते झाड राखायचे, हे तिथे ग्रामसभा ठरवते. कोणती वेल ठेवायची, हेही.