ही खुर्ची आली कुठून?

आमच्या शिरपूरला बाहेरचे लोक ओळखतात ते अंतरिक्ष पार्श्वनाथामुळे. मूर्ती जमिनीला न टेकता अधांतरी आहे अशी श्रद्धा, आणि नावही त्यावरूनच. माझ्या खात्यातला माणूसही काहीसा असाच. खातं म्हणजे मनुष्यबळ विभाग, आजच्या भाषेत एचआर. पगार मालकाचा, गाऱ्हाणी नोकरांची, आणि पाय मात्र कुठेच टेकलेले नाहीत. फरक एवढाच की आम्हाला कुणी नमस्कार करत नाही!

ही नोकरी सोडावी का, हा विचार गेले काही महिने डोक्यात आहे. घरच्यांना माहीत आहेच, म्हणून इथे लपवत नाही. कंपनीचं नाव घेत नाही. कपात आली की लोकांना एकेक करून बोलवायचं आणि 'स्वखुशीने' राजीनामे लिहून घ्यायचे, हे काम माझ्याकडे येतं. यावर वर काही विचारलं की उत्तर येत नाही. खालचे लोक तर मला वरच्यांतलाच समजतात.

गावी काकांना सांगितलं तर म्हणाले, "पगार येते ना टायमावर? मंग काय पायजे तुले?" काकांचं चूक नाही. उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी ही म्हण आमच्या वाशीम जिल्ह्यात कधीच उलटी झाली आहे. सोयाबीनच्या भावावर वर्ष काढणाऱ्या माणसाला महिन्याच्या महिन्याला येणारा पगार सोडणं म्हणजे वेडेपणाच वाटणार.

म्हणून ठरवण्याआधी एक केलं. ही खुर्ची मुळात कशासाठी मांडली गेली, ते वाचून काढलं.

गोष्ट सुरू होते मुंबईच्या गिरण्यांत. तिथे माणूस कामावर घ्यायचा तो जॉबर. बायकांच्या खात्यात नायकीण. कामावर घेणं, काढणं, बदली देणं सगळं त्यांच्या हातात, आणि त्यासाठी दस्तुरी, म्हणजे सरळ लाच. मालकाला मजूर मिळाल्याशी मतलब. 1928 साली गिरण्यांत सहा महिन्यांच्या आसपास संप चालला, दीड लाखाच्या घरात कामगार बाहेर होते. पुढच्याच वर्षी सरकारने व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली मजूर आयोग नेमला. त्याचा अहवाल 1931 साली आला. त्यातली एक शिफारस अशी, की माणसं घेण्या-काढण्याचे अधिकार जॉबरकडून काढून घ्या आणि त्यासाठी स्वतंत्र कामगार अधिकारी नेमा.

1934 मध्ये मुंबई सरकारने कायदा केला आणि गिरणी कामगारांची गाऱ्हाणी मांडायला एक सरकारी अधिकारी आला. मग गिरणी मालकांच्या संघानेही आपला अधिकारी नेमला. 1936 साली मुंबईत समाजकार्य शिकवणारी टाटांची संस्था निघाली, आणि पुढे या कामासाठी शिकलेली माणसं तिथून बाहेर पडू लागली. स्वातंत्र्यानंतर 1948 चा कारखाना कायदा आला. त्याच्या 49 व्या कलमाने 500 किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी ठेवणं सक्तीचं केलं. 2020 च्या संहितेत तो आकडा 250 वर आणला आहे.

मला सगळ्यात विचार करायला लावलं ते पुढच्या गोष्टीने. कामगारांची बाजू सांगणाऱ्या या अधिकाऱ्याचा पगार मालक देणार, मग मालक चिडला तर त्याचं काय होणार? हा प्रश्न तेव्हाच्या लोकांनाही पडला होता. पंजाबच्या 1952 च्या नियमांत अशा अधिकाऱ्याला राज्य सरकारकडे अपील करायची सोय होती. एका सिमेंट कंपनीच्या कल्याण अधिकाऱ्याचं असंच प्रकरण 1964 मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. म्हणजे ही जागा अधांतरी आहे हे कायदा करणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि तिला खालून टेकू लागतो हेही. कारखान्याबाहेरच्या माझ्यासारख्यांना मात्र तो टेकू नाही. आमच्या खुर्चीचं नाव बदलत गेलं, आधी पर्सोनेल, मग एचआर, आणि टेकू कारखान्याच्या फाटकातच राहिला.

मग सोडून जाणाऱ्यांचं काय? इथे एक मोठं नाव घेतो. तुलना करण्यासाठी अजिबात नाही. त्यांनी जे सोसलं त्याच्या नखाचीही सर माझ्या त्रासाला नाही.

बाबासाहेब आंबेडकर 1913 साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले. परत येऊन दहा वर्षं संस्थानची नोकरी करायचा करार होता. 1917 मध्ये ते बडोद्याला रुजू झाले. सयाजीराव महाराज स्वतः त्यांच्या बाजूचे. पण कचेरीतले शिपाई विटाळ नको म्हणून कागद लांबून टाकत. राहायला जागा कुणी देईना. नाव बदलून ते एका पारशी वसतिगृहात राहिले, तिथेही अकराव्या दिवशी काठ्या घेऊन माणसं आली. दिवाणांकडूनही निवाऱ्याची सोय झाली नाही. शेवटी ते रात्रीच्या गाडीने मुंबईला निघाले.

यातली एक गोष्ट माझ्या धंद्यातल्या माणसाला लगेच दिसते. सगळ्यात वर चांगला माणूस होता, धोरणही चांगलं होतं. पण ते धोरण कचेरीतल्या टेबलापर्यंत पोचवणारं मधे कुणीच नव्हतं. तक्रार घेऊन जायचं कुणाकडे?

पुढे 1918 साली ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. 1920 मध्ये अपुरं शिक्षण पूर्ण करायला तीही नोकरी सोडून लंडनला गेले. आणि 1942 ते 1946 व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं त्यांच्याकडे होतं. कारखान्यातले आठवड्याचे तास 54 वरून 48 वर आले ते 1946 च्या दुरुस्तीने, आणि ते विधेयक त्यांनीच मांडलं होतं. बडोद्याची नोकरी सोडताना पुढे असं काही होईल याची हमी त्यांच्या हातात नव्हती. दहा वर्षांचा करार मात्र डोक्यावर होता.

हे सगळं वाचून माझा प्रश्न थोडा बदलला. "मला हे सहन होईल का?" असं मी स्वतःला विचारत होतो. सहन काय, आपल्याकडची माणसं बरंच काही सहन करतात. विचारायला हवं ते वेगळंच: ही जागा ज्या कामासाठी निघाली, ते काम मला इथे करता येतं का? जॉबरला हटवून आमची खुर्ची मांडली गेली. त्या खुर्चीवर बसून मी जॉबरचंच काम करत असेन, तर पगार वेळेवर आला काय नि उशिरा आला काय.

म्हणून या आठवड्यात वरिष्ठांना तीन गोष्टी लेखी मागणार आहे. राजीनामा लिहून घेण्याआधी त्या माणसाला विचार करायला सात दिवस मिळावेत. बोलताना त्याच्या सोबत एक सहकारी बसावा. आणि माझी हरकत फाइलमध्ये नोंदली जावी. महिनाभर वाट बघेन. होकार आला तर थांबेन, कारण आतून होण्यासारखं काम आहे. नाही आला तर निघेन. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला काढून ठेवला आहे, तेव्हा आईने काळजी करू नये.

काकांना हे सगळं फोनवर सांगणं अवघड होतं, म्हणून लिहिलं. त्यांना कुणीतरी वाचून दाखवा.