शाळेतला पडदा : वाटाण्याच्या रोपापासून डिजिटल वर्गापर्यंत

मेळाव्याच्या निधीतून शाळेला डिजिटल वर्ग भेट द्यायचा, असे आपल्या बॅचच्या बैठकीत ठरले आणि त्या निमित्ताने स्मरणिकेत काही लिहावे, असे मला सांगण्यात आले. मोठा पडदा, प्रोजेक्टर, स्पीकर आणि त्यावर दाखवायचे विज्ञानाचे माहितीपट, अशी ही भेट आहे. बेत चांगलाच आहे. पण पडद्यावर विज्ञान दाखवण्याची कल्पना आपल्याकडे शंभर वर्षांहून जुनी आहे आणि आपण १९८९च्या दहावीवाल्यांनी तिचा एक टप्पा स्वतः अनुभवला आहे. देणगीचा धनादेश फाडण्यापूर्वी हा इतिहास एकदा नजरेखालून घालावा, म्हणून हा लेख.

सुरुवात महाराष्ट्रातूनच करावी लागते. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी एक छोटी फिल्म केली होती. त्यांनी वाटाणा पेरला, कॅमेरा एका जागी रोखला आणि थोडे थोडे चित्रण करत अंकुराचे रोप होईपर्यंतची वाढ टिपली. कित्येक दिवसांची वाढ पडद्यावर काही क्षणांत दिसू लागली. हेतू शिक्षणाचा नव्हता, भांडवल देणाऱ्याला या नव्या कलेची ताकद पटवायची होती. पण वर्गात फिल्म कशासाठी दाखवायची, याचे उत्तर त्या वाटाण्यातच आहे. जे फार सावकाश घडते, फार वेगाने घडते, फार लहान असते किंवा फार दूर असते, ते पडदा दाखवू शकतो. बादलीतले पाणी दाखवायला पडदा लागत नाही.

स्वातंत्र्यानंतर १९४८ साली फिल्म्स डिव्हिजन सुरू झाले. टॉकीजमध्ये मुख्य सिनेमाच्या आधी माहितीपट दाखवणे सक्तीचे होते, हे आपल्याला आठवतेच. धरणे, पोलादाचे कारखाने, रोगनिवारण, सुधारित शेती. आपल्यातले बरेच जण तेवढ्या वेळात शेंगदाणे घेऊन येत. त्या फिल्म्स कष्टाने केलेल्या असत, पण पडदा बोलायचा आणि आपण ऐकायचे, एवढाच व्यवहार होता. धरण कसे बांधले ते कळे. कोणाचे गाव पाण्याखाली गेले, हे विचारायची सोय नव्हती.

दिल्लीत १९६१ मध्ये शाळांसाठी दूरचित्रवाणीचे पाठ सुरू झाले. मुंबई दूरदर्शन आले ते २ ऑक्टोबर १९७२ रोजी. पण खेड्यातल्या शाळेपर्यंत पडदा नेण्याचा खरा मोठा प्रयत्न म्हणजे ‘साइट’ हा उपग्रह प्रयोग. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असे एक वर्ष तो चालला. अमेरिकेच्या नासाने एटीएस-६ हा उपग्रह वर्षभरासाठी वापरायला दिला आणि कार्यक्रम व जमिनीवरची सगळी यंत्रणा भारताने उभी केली. आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा आणि राजस्थान या सहा राज्यांतली सुमारे २,४०० गावे त्यात होती. महाराष्ट्र नव्हता. गावातच तारेच्या जाळीची, सुमारे तीन मीटर व्यासाची अँटेना उभारून उपग्रहाकडून थेट कार्यक्रम घेतला जाई. सकाळी दीड तास शाळेतल्या मुलांसाठी आणि संध्याकाळी अडीच तास गावासाठी.

अहमदाबादच्या इस्रोच्या केंद्राचे प्रमुख तेव्हा प्रा. यश पाल होते. मुलांना पाठ्यपुस्तक पुन्हा वाचून न दाखवता त्यांना भोवतालाकडे बघायला लावायचे, हा त्यांचा आग्रह. सुट्टीच्या काळात हजारो प्राथमिक शिक्षकांचे विज्ञान प्रशिक्षणही याच मार्गाने झाले. त्यात कार्यक्रम पाहण्यासोबत चर्चा आणि हाताने करायचे प्रयोग होते.

या प्रयोगाचे मोजमापही काळजीपूर्वक झाले. काही गावांत अभ्यासक मुक्काम करून राहिले. मुलांच्या भाषेत प्रगती दिसली, आणखी माहिती मिळवण्याची ओढ वाढलेली दिसली. पण शाळेच्या पटावर किंवा गळतीवर म्हणावा तसा परिणाम दिसला नाही. ज्या मुलाला सकाळी गुरे राखायला जायचे आहे, त्याला टीव्ही शाळेत आणू शकत नाही. वर्ष संपले, उपग्रह परत गेला. काही गावांना पुढे जमिनीवरच्या केंद्रांतून प्रक्षेपण मिळाले, उरलेल्या गावांतले पडदे काळे झाले.

आपल्या वाट्याला आला तो पुढचा अध्याय. १९८३ मध्ये इन्सॅट-१बी हा उपग्रह गेला आणि १९८४ मध्ये पुण्याच्या सेनापती बापट रस्त्यावर ‘बालचित्रवाणी’ उभी राहिली. कार्यक्रम मुख्यतः प्राथमिकच्या मुलांसाठी असले तरी आपण सातवीतली मोठी मुलेही मान वर करून बघत होतो. टीव्ही लाकडी कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली ऑफिसात. वीज असली, अँटेना वाऱ्याने फिरलेली नसली आणि किल्लीवाले शिपाईमामा रजेवर नसले, की कार्यक्रम दिसे.

आपले विज्ञानाचे सर मात्र कार्यक्रम संपला की लगेच टीव्ही बंद करत आणि विचारत, “आता हे आपल्याकडे करून बघायचं कसं?” पाण्याच्या दाबाचा कार्यक्रम झाला त्या दिवशी त्यांनी बागेच्या नळीचा तुकडा आणि दोन बादल्या मागवल्या होत्या. उंचावरच्या बादलीतून पाणी आपोआप नळी चढून खाली उतरताना पाहिले आणि नळीत हवा शिरली की ते का थांबते, यावर अख्खा वर्ग भांडला. कार्यक्रमाचे नाव कोणाला आठवत नाही. बादल्या सगळ्यांना आठवतात.

आपण शाळा सोडली त्याच वर्षी, १९८९ मध्ये, चंदिता मुखर्जी यांची ‘भारत की छाप’ ही तेरा भागांची मालिका दूरदर्शनवर आली. अश्मयुगापासून आजपर्यंतचा भारतातल्या विज्ञान-तंत्रज्ञानाचा इतिहास तिने मांडला. ज्ञान प्रयोगशाळेइतकेच शेतात आणि कारागिराच्या हातातही वाढते, आणि समाजरचनेमुळे ते अडतेही, हा विचार त्यात होता. फिल्म्स डिव्हिजनच्या काळात जे प्रश्न विचारायची सोय नव्हती, ते इथे पडदाच विचारू लागला.

पडद्याने समाज किती बदलतो, याचे एक उदाहरण ग्रहणाचे आहे. १६ फेब्रुवारी १९८० च्या सूर्यग्रहणाला रस्ते ओस पडले होते आणि लोकांनी घरातच राहावे म्हणून दूरदर्शनने सिनेमा लावला होता. २४ ऑक्टोबर १९९५ च्या खग्रास ग्रहणाला त्याच दूरदर्शनने ग्रहणच थेट दाखवले आणि यश पाल ते समजावून सांगत होते. मधल्या पंधरा वर्षांत विज्ञान संस्था आणि चळवळींनी गावोगावी केलेले काम त्यामागे होते. एकट्या पडद्याचे ते श्रेय नाही.

पुढची कथा थोडक्यात. २००४ मध्ये केवळ शिक्षणासाठीचा ‘एज्युसॅट’ उपग्रह गेला. पुण्यात आयुकाच्या आवारात पु. ल. देशपांडे यांच्या प्रतिष्ठानाच्या देणगीतून मुलांसाठी विज्ञान केंद्राची इमारत झाली. तिथे अरविंद गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकाऊ वस्तूंपासून वैज्ञानिक खेळणी करायच्या छोट्या फिल्म्स केल्या. त्या आजही मोफत मिळतात आणि मराठीतही आहेत. ‘बालचित्रवाणी’ मात्र २०१७ मध्ये बंद झाली. तीन वर्षांनी टाळेबंदीत शाळांना कुलपे लागली, तेव्हा सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही पहिली ते आठवीसाठीची मालिका लावावी लागली. टीव्हीच्या शाळेची गरज संपली, असे म्हणायला कोणालाच जागा राहिली नाही.

या साऱ्या इतिहासातून मला एक गोष्ट वारंवार दिसते. यंत्र घेण्यासाठी पैसे उभे राहतात. यंत्र बंद केल्यावर वर्गात काय घडायचे, त्यासाठी मात्र कोणी तरतूद करत नाही.

म्हणून मित्रमैत्रिणींनो, माझी सूचना अशी. निधीचा काही भाग पडद्यासाठी द्यावा. काही भाग दुरुस्तीसाठी आणि बॅटरीसाठी बाजूला ठेवावा, कारण वीज आजही जाते. उरलेल्यातून नळ्या, भिंगे, चुंबक, तारा, बादल्या असे साधे सामान घ्यावे. ते कपाटात कुलूपबंद राहणार नाही, एवढी अट मुख्याध्यापकांना नम्रपणे घालावी. शिवाय वेळापत्रकात फिल्मनंतरचा एक तास प्रश्नांसाठी मागून घ्यावा. आपल्या बॅचमध्ये नर्स आहेत, वायरमन आहेत, ठिबकवर ऊस घेणारे शेतकरी आहेत, पाणीपुरवठ्यात आयुष्य घालवलेले अभियंते आहेत. धरणाची किंवा लसीची फिल्म झाली की त्यातल्या एकाने त्या तासाला वर्गात बसावे आणि मुलांनी विचारलेल्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत. महिन्यातून एक तास, आळीपाळीने. यादी करायला मी तयार आहे. मेळाव्याच्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर नावे द्यावीत.