शेण, मैला आणि उष्टे : भारतीय जैववायू-संशोधनाचा एक पैलू

भारतातील जैववायूचा इतिहास सामान्यतः ‘गोबर गॅस’ या नावाखाली सांगितला जातो. हिंदीतील हा शब्द शासकीय योजनांबरोबर मराठीत आला आणि रूढ झाला. परंतु या नावाने संशोधनाचा मोठा भाग दृष्टिआड केला. हवाबंद कुंडात सेंद्रिय द्रव्य कुजवून मिथेन निर्माण करणारे जीवाणू शेण, मैला आणि उष्टे अन्न यांत पवित्र-अपवित्र असा भेद करीत नाहीत. तो भेद समाज करतो. कोणत्या द्रव्याकडे आधी पाहिले जावे, हे रसायनशास्त्राइतकेच या भेदानेही ठरविले असे दिसते.

वस्तुतः आरंभ शेणाने झालाच नव्हता. मुंबईतील माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रयस्थानात १८९७ साली मैल्यापासून मिळणारा वायू गोळा करून त्यावर इंजिन चालविण्यात आले. काही लेखनात या घटनेसाठी १८५९ हे साल दिले जाते. मात्र ते आश्रयस्थान महापालिका आयुक्त एच. ए. अॅक्वर्थ यांच्या पुढाकाराने १८९० साली स्थापन झाले. मराठी पोवाड्यांचे संग्राहक म्हणून अभ्यासकांना परिचित असलेले अॅक्वर्थ ते हेच. त्यामुळे माटुंग्याच्या संदर्भात १८५९ हे साल ग्राह्य धरता येत नाही. या प्रयोगाची परंपरा मात्र निर्माण झाली नाही.

पुढील संशोधन शेणाभोवती उभे राहिले. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत १९३९ च्या सुमारास एस. व्ही. देसाई यांनी शेणाच्या किण्वनाचे प्रयोग केले. जशभाई पटेल यांनी १९५१ मध्ये तरंगत्या टाकीचे ‘ग्रामलक्ष्मी’ संयंत्र सिद्ध केले आणि खादी व ग्रामोद्योगांच्या यंत्रणेमार्फत त्या रचनेचा प्रसार झाला. उत्तर प्रदेशातील अजितमल येथील केंद्रातून १९७८ मध्ये स्थिर घुमटाचे ‘जनता’ संयंत्र पुढे आले. १९८४ मध्ये त्याहून स्वस्त ‘दीनबंधू’ आले. शेणाच्या निवडीमागे सबळ कारण होते. गोवऱ्या जाळल्या की खत नाहीसे होते. कुंडातून मात्र इंधन आणि खत दोन्ही मिळतात. तथापि दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण, म्हणजे चार-पाच जनावरे, लागतात. ज्यांच्या दारी गोठा नव्हता, ते भूमिहीन आणि नगरवासी या विज्ञानाच्या कक्षेबाहेरच राहिले.

मैल्याचा प्रश्न पुन्हा हाती घेतला तो अस्पृश्यतेशी लढणाऱ्यांनी. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धन यांनी सफाई, खत आणि मानवी प्रतिष्ठा यांचा एकत्र विचार केला. त्यांच्यापासून प्रेरणा घेऊन देहूचे डॉ. सुहास मापुसकर यांनी शौचालयास जोडलेले ‘मलप्रभा’ संयंत्र विकसित केले. माणसाचा मैला माणसाने उचलू नये, या नैतिक आग्रहातून येथे तंत्र जन्मास आले. मापुसकर यांना २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री प्रदान करण्यात आली.

उष्ट्या अन्नाचा विचार सर्वांत उशिरा झाला. शेण हा चाऱ्यातील सुपाच्य अंश जनावराने आधीच काढून घेतल्यानंतरचा अवशेष आहे. त्याचे विघटन होण्यास सुमारे चाळीस दिवस लागतात. वनस्पतिशास्त्रज्ञ आनंद कर्वे यांनी पुण्यातील ‘आरती’ या संस्थेत पिष्टमय अन्नावर चालणारे लहान संयंत्र विकसित केले; त्यास २००६ मध्ये अॅश्डेन पुरस्कार मिळाला. येथे शेण लागते ते केवळ आरंभी, विरजणासारखे. दोन किलो पिष्टमय द्रव्यातून एका दिवसात सुमारे अर्धा किलो मिथेन मिळतो, असे संस्थेचे प्रतिपादन होते. १८० ग्रॅम ग्लुकोजमधून सिद्धान्ततः ४८ ग्रॅम मिथेन मिळू शकतो. म्हणजे हा आकडा कोरड्या पिष्टासाठीही जवळजवळ कमाल मर्यादेचा आहे. शिजलेल्या अन्नात बराच भाग पाण्याचा असल्याने प्रत्यक्षात मिळणारा वायू त्याहून कमी. शिवाय अन्न अधिक टाकल्यास आम्ल साचते आणि मिथेननिर्मिती मंदावते. ही अडचण ध्यानात घेऊन भाभा अणुसंशोधन केंद्रात शरद काळे यांनी ‘निसर्गऋण’ संयंत्रात प्रक्रियेचे दोन टप्पे वेगळे केले : प्रथम हवेच्या सान्निध्यात, नंतर हवेविना.

नाव मात्र टिकून राहिले. केंद्र शासनाच्या २०१८ च्या योजनेचे नाव ‘गोबरधन’ आहे. इंदूर येथे फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झालेल्या, प्रतिदिनी ५५० टन क्षमतेच्या प्रकल्पासही तेच नाव मिळाले. त्या प्रकल्पाचे खाद्य शेण नसून घरोघरी वेगळा केलेला ओला कचरा आहे. शहराचे खरकटे पूज्य द्रव्याच्या नावाने स्वीकारार्ह ठरते, हा केवळ शब्दाचा विनोद नव्हे. कचरा हाताळणाऱ्या माणसांच्या वाट्याला ही प्रतिष्ठा येते की ती नावापुरतीच राहते, हा अप्पासाहेबांनी उभा केलेला प्रश्न अद्याप उत्तराच्या प्रतीक्षेत आहे.