पाणी इथे, खोट तिथे

कवी माणूस गटारावर बोलतोय म्हणून काहींना हसू येईल. पण शहराचा इतिहास जेवढा किल्ल्यांत आणि बाजारपेठांत असतो, तेवढाच तो जमिनीखालच्या नळांतही असतो. लहानपणी आमच्या चाळीतली मोरी तुंबली की अम्मी म्हणायची, "पाणी इथं साचलंय, पण खोट इथं नाही. पुढं जाऊन बघ." आम्ही मुलं पुढं जात असू. दोन घरं सोडून वळणावर चिंधी किंवा नारळाची शेंडी अडकलेली सापडे. गटारांची दुरुस्ती ठरवताना इंजिनिअर मंडळी आज संगणकावर जे करतात, ते याहून फार वेगळं नाही. फक्त त्यांची चाळ म्हणजे अख्खं शहर असतं.

१८५८ च्या उन्हाळ्यात लंडनच्या थेम्स नदीला अशी दुर्गंधी सुटली की पार्लमेंटला कामकाज करणं कठीण झालं. मग जोसेफ बॅझलगेट या इंजिनिअरने शहराखाली विटांच्या भुयारी गटारांचं जाळं विणलं. माणसं किती, पाणी किती, पाऊस किती, हा सारा हिशेब कागदावर आणि हाताने झाला.

वाहत्या पाण्याचं गणितही त्याच शतकात पुढं सरकलं. आयरिश इंजिनिअर रॉबर्ट मॅनिंग यांनी १८८९ साली डब्लिनमध्ये एक सूत्र मांडलं. पाण्याचा वेग नळाचा उतार, आकार आणि आतला खडबडीतपणा यांवर ठरतो, असं ते सांगतं. उतार चौपट केला तर वेग दुप्पटच होतो. उलट, नळाचा व्यास निम्मा केला तर निम्मं पाणी वाहील असं आपल्याला वाटतं, प्रत्यक्षात जेमतेम सहावा हिस्सा वाहतं. गाळ आणि झीज शहराला किती महाग पडतात, ते यावरून कळावं.

पण हे सूत्र संथ, एकसारख्या प्रवाहाचं. पावसाचा लोंढा क्षणाक्षणाला बदलतो, फुगतो, मागेही ढकलला जातो. त्याची समीकरणं फ्रान्सच्या सँ-व्हेनाँ यांनी १८७१ मध्येच लिहून ठेवली होती, पण हजारो नळांसाठी ती हाताने सोडवणं माणसाच्या आवाक्याबाहेरचं होतं. संगणक येईपर्यंत ती वाट पाहत राहिली. १९७१ मध्ये अमेरिकेत शहरी पाण्याच्या निचऱ्यासाठी 'स्विम' ही संगणकप्रणाली आली, १९८१ मध्ये इंग्लंडची वॉलिंगफर्ड पद्धत आली.

इंग्लंडला तिची निकड होती. तिथल्या जुन्या गटारांना शंभरी उलटली होती. सगळी उकरून बदलायची तर खजिना रिता झाला असता. मग नेमकी कुठली बदलायची? यासाठी प्रत्येक मॅनहोलची खोली, नळाचा व्यास, उतार संगणकात भरायचा आणि त्यावर कागदावरचा पाऊस पाडायचा. खऱ्या नळांत मापक बसवून खऱ्या पावसात आकडे जुळतात का, ते पाहायचं. जुळले, की गळा कुठं आवळला आहे ते दिसतं. पाणी तुंबतं एका गल्लीत, दोष निघतो मैलभर पुढं. मग कुठं नळ मोठा करायचा, कुठं आतून अस्तर लावायचं आणि कुठं नुसता गाळ काढून भागेल, हे ठरवता येतं.

आता आपल्या मुंबईकडे येऊ. इथं मैल्याच्या वाहिन्या वेगळ्या आणि पावसाच्या वेगळ्या. पावसाच्या वाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पावसासाठी, तेही ओहोटी असताना, आणि निम्मं पाणी जमिनीत मुरेल असं धरून बांधलेल्या. पुढं मुरायला मातीच उरली नाही. १९८५ च्या पुरानंतर महापालिकेने अभ्यास करवून घेतला. १९९३ मध्ये 'ब्रिमस्टोवॅड' अहवाल आला. तासाला ५० मिलिमीटर पाऊस धरा, एक थेंबही मुरणार नाही असं समजा, भरतीच्या वेळी पाणी उपसायला पंप बसवा, असं त्याने सांगितलं. अहवाल बहुतांशी फायलीतच राहिला.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्यातला बराचसा दुपारपासूनच्या मोजक्या तासांत कोसळला. शेकडो माणसं गेली. न्यायाने बोलायचं तर अहवालातलं प्रत्येक काम झालं असतं, तरी एवढा पाऊस त्या वाहिन्यांना पेलला नसता. पण पाणी लवकर ओसरलं असतं, आणि काही घरांत माणसं परतली असती. २००६ मध्ये माधवराव चितळे समितीचा अहवाल आला. पुढं हाजी अली, इर्ला, वरळीचं लव्हग्रोव्ह इथं उदंचन केंद्रं उभी राहिली. तरी मोठा पाऊस आणि भरती एकत्र आली की सखल भाग आजही तुंबतात.

गणिताने आपल्याला आधीच सांगितलं होतं, ही गोष्ट मला जास्त बोचते. अज्ञानातून झालेली चूक माणूस स्वतःला माफ करतो. इथं खोट कुठं आहे ते लिहून ठेवलेलं होतं, आणि तिथवर जायला आपल्याला बारा वर्षं वेळ झाला नाही.

अम्मी फक्त सांगून थांबत नसे. वळणापर्यंत कुणीतरी जाऊन येईपर्यंत ती दारात उभी राहत असे.